रात्र काढलेली फक्की

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा यायच्या आत या गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, तुमच्याकडं भांडण कोणत्या खोलीत होतं?"

मी तेव्हा तिशीत होते. शाळेत भूगोल शिकवायचे आणि भूगोल शिकवणाऱ्या माणसाला जमिनीतलं सगळं कळतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. अंगावर कडक स्टार्चची साडी, डोळ्यांवरून काढून केसांत खोवलेला काळा चष्मा आणि हातात आमच्या होणाऱ्या घराचा गुंडाळलेला नकाशा. नकाशाला मी लाल रिबीन बांधली होती. घराच्या नकाशाला रिबीन बांधणारी बाई काय लायकीची असेल ते तुम्हीच ठरवा.

मी मान ताठ करून म्हटलं, "आमच्याकडं भांडण होत नाही."

"मग घर कशाला बांधता? भाड्याच्यात बरं चाललंय की."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "स्वयंपाकघरात होतं. रोज."

"हां!" गृहस्थ खूश झाले. "म्हणजे स्वयंपाकघराला दोन दारं लागणार. एक यायला, एक तणतणत निघून जायला."

हे आमचे गुत्तेदार. आमच्या भागात ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, सिव्हिलचा डिप्लोमाही होता, पण सगळं गाव त्यांना गुत्तेदारसाहेबच म्हणायचं आणि साहेब म्हटलं नाही तर त्यांना ऐकू यायचं नाही. उंच, वाळके, बारा महिने बिस्किटी रंगाचा सफारी. खिशात रुमालाच्या जागी ओळंबा. लग्नाला गेले तरी आधी ओळंबा काढून मांडवाचा खांब सरळ आहे का बघायचे, मग वधू-वरांकडे. मांडव तिरका निघाला तर आहेर देताना चेहरा पडलेला असायचा आणि वधूपित्याला वाटायचं, जेवणात काही कमी पडलं.

त्यांची एक अट होती. प्लॉट मोकळा असताना बोलवा. नकाशा निघायच्या आधी, आर्किटेक्टच्या आधी, पंचांग बघायच्याही आधी. "नकाशा झाल्यावर मला बोलवायचं म्हणजे अक्षता पडल्यावर पोरगा दाखवायचा. मग मी काय सांगू? छान आहे म्हणू? नाक पुसा म्हणू?" असं म्हणून त्यांनी माझ्या रिबिनीच्या नकाशाकडे हातसुद्धा पुढं केला नाही. आमच्या मिस्टरांनी दोन वेळा विनवल्यावर एवढंच म्हणाले, "तो कपाटात ठेवा. मी सांगेपर्यंत काढायचा नाही. सांगेन असं वाटत नाही."

"चुका सगळ्या कागदावरच होतात," हे त्यांचं लाडकं वाक्य. "साइटवर फक्त त्यांना सिमेंट लागतं." आणि त्याच्या पुष्ट्यर्थ गोष्टींचं पोतं. त्यात एका वकिलांची गोष्ट कायम वरच असायची. वकीलसाहेबांनी पुण्याहून नकाशा आणला, झकास बंगला बांधला, कंपाउंड घातलं, नक्षीचं फाटक बसवलं आणि मग त्यांना बोअर आठवला. आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, तेव्हा बोअर पाहिजेच. पण बोअर पाडणारी गाडी म्हणजे ट्रक. तो फाटकातून जाईना, बाजूनं वळेना. फाटक तोडायला वकिलीणबाई तयार नाहीत. शेवटी बोअर पाडला रस्त्याच्या कडेला. त्याला पाणी लागलं धो धो. "तेव्हापासून," गुत्तेदार मांडीवर थाप मारून म्हणायचे, "अख्खी गल्ली पाणी भरते आणि लाइटचं बिल वकील भरतात!"

आमच्या प्लॉटवर त्यांनी बोअरच्या गाडीसाठी एवढी जागा सोडायला लावली की माझी बाग गेली. गाडी थाटात आत आली, दिवसभर ढगासारखी धूळ काढली, आणि पाण्याचा एक थेंब न लागता तितक्याच थाटात बाहेर गेली. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. ते म्हणाले, "बाई, पाणी देवाच्या हातात. गाडीचा रस्ता माझ्या हातात. गाडी अडकली का कुठं?"

आता एवढ्या मोठ्या गुत्तेदाराला उंचीची भीती वाटायची हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. जोत्याच्या वर ते कधी चढले नाहीत. स्लॅब पडायचा दिवस असला की रस्त्यापलीकडे छत्री उघडून बसायचे आणि तिथून मिस्त्रीवर ओरडायचे. मिस्त्री वरून ओरडायचा, "साहेब, वर येऊन बघा की!" त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, "वरचं काम तुझं आणि देवाचं. माझं काम जमिनीवरच संपलंय." आणि ते खरंही होतं. त्यांचा सगळा जीव पायाच्या आधीच्या दिवसांत होता. एकदा वीट चढायला लागली की त्यांचा चेहरा लग्न लावून मोकळ्या झालेल्या भटजीसारखा व्हायचा.

आमचा प्लॉट बीड बायपासच्या पलीकडं. तेव्हा तिथं नुसती शेतं होती, काळीभोर. मी भूगोलाच्या तासाला काळ्या मातीचे गुणधर्म फळ्यावर लिहायचे: ओलावा धरून ठेवते, कापसाला उत्तम. ते फळ्यावरचं शहाणपण मी साइटवर म्हणून दाखवलं. गुत्तेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग कापूस लावा. घर बांधायचं असंल तर ऐका. काळी माती म्हणजे जावई. पाणी मिळालं की फुगतो, नाही मिळालं की तडकतो. जावयाच्या भरवशावर घर उभं करायचं नसतं. खाली मुरूम लागेस्तोवर जायचं."

माझ्या त्या नकाशात एक खोल बैठक होती. तेव्हा एका मासिकात मी तसा फोटो पाहिला होता. दिवाणखान्याच्या मधोमध तीन पायऱ्या खाली उतरून जायचं, तिथं गाद्या, लोड, झाडाची कुंडी आणि हातात कप घेऊन हसणारी एक बाई. ती बाई म्हणजे मीच, यात मला काही शंका नव्हती. मी गुत्तेदारांना अट घातली: बाकी काय वाटेल ते बदला, खोल बैठक पाहिजे. ते म्हणाले, "देतो. पण आधी मुक्काम करावा लागंल."

मुक्काम म्हणजे काय हे आम्हाला पुढच्या रविवारी कळलं.

त्यांनी मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं घर आखलं होतं. खऱ्या मापाचं. भिंतीच्या जागी दोन रेघा, दाराच्या जागी मोकळी फट, कॉलमच्या जागी चौकोन. माझ्या बैठकीसाठी त्यांनी खरोखर गुडघाभर खड्डा खणून घेतला होता. आम्ही सकाळी स्टोव्ह, भांडी, सतरंजी, सासूबाईंचा पानाचा डबा आणि मिस्टरांचा पेपर घेऊन तिथं जायचं आणि दिवेलागणीपर्यंत त्या रेघांच्या घरात राहायचं. स्वयंपाक करायचा, जेवायचं, आडवं व्हायचं. गुत्तेदार रस्त्याच्या कडेला त्यांच्या घडीच्या खुर्चीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसणार आणि आमच्यावर नजर ठेवणार.

मी चहा घेऊन निघाले तर लगेच आवाज, "बाई! भिंतीतून आलात! परत जा. दारातून या."

मी परत गेले. रस्त्यानं बैलगाडीवाले थांबून बघत होते. एकजण म्हणाला, "काय, नाटकाची तालीम हाय का?" मी काळा चष्मा डोळ्यांवर ओढला. चष्मा लावला की आपण दुसऱ्याला दिसत नाही असा माझा समज होता.

परवा नातीनं मला तिच्या नव्या फ्लॅटच्या बिल्डरकडं नेलं. तिथं डोळ्यांवर एक डबडं बांधतात आणि न झालेल्या घरात तुम्हाला फिरवतात. मी मुद्दाम दोन भिंतींतून आरपार गेले. कुणी परत पाठवलं नाही. सगळे नुसते हसत होते. मी तिथल्या टायवाल्या मुलाला म्हटलं, "हे तुमचं कच्चं काम आहे." त्याला वाटलं, म्हातारी घाबरली.

तर मुक्काम. सासूबाईंना त्यांच्या खोलीतून मोरीकडं जायचं होतं. वाट बैठकीतून. त्या खड्ड्याच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"सूनबाई, मी उडी मारू का पोहत जाऊ?"

"तीनच पायऱ्या आहेत, आई."

"दिवसातून किती वेळा उतरू? का पलीकडंच राहू?"

तेवढ्यात गुत्तेदारांनी शांतपणे खुर्चीवरून उठून खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं आणि परत शेंगा फोडायला बसले. संध्याकाळी आम्ही सामान आवरलं तेव्हाही पाणी तसंच होतं, तळ्यासारखं, त्यात ढग दिसत होते. "ही तुमची बैठक," ते म्हणाले. "पाहुण्यांना सांगून ठेवा, प्यांट दुमडून या." खोल बैठक गेली. नकाशा कपाटातच राहिला. रिबीन मात्र वाया गेली नाही, मुलीच्या वेणीला कामी आली.

त्या मुक्कामात आमच्या घराचं अर्धं चित्र बदललं. सासूबाईंची खोली मोरीला चिकटली, स्वयंपाकघराला दुसरं दार आलं, जिना बाहेरून निघाला. भांडणं व्हायची ती त्याच दिवशी झाली. मी आणि मिस्टर कपाटाच्या जागेवरून असे भांडलो की बैलगाडीवाले बैल सोडून बसले. गुत्तेदार समाधानानं बघत होते. "भांडून घ्या, मोकळं भांडून घ्या. फक्कीतलं भांडण झाडूनं पुसता येतं. विटेतलं भांडण पुसायला कोर्टात जावं लागतं."

त्यांच्या कामाची आणखी एक रीत इथंच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रितीवर उभं आहे. गुत्तेदार एकदा आखायला लागले की थांबायचे नाहीत. सकाळी आखलेली भिंत दुपारी पुसायची, दुपारची संध्याकाळी. पूर्वी म्हणे ते खोदाई सुरू झाल्यावरही बदलायचे. बिगारी खड्डा खणायचे, हे भरायला लावायचे, शेजारी पुन्हा खणायचे. शेवटी त्यांचा जुना मिस्त्री एकदा फावडं टाकून बसला. तेव्हापासून दोघांत ठरलं: दिवस मावळेपर्यंत साहेबांनी काय वाटेल ते पुसावं. पण ज्या फक्कीवरून रात्र गेली ती पक्की. सकाळी मिस्त्रीनं येऊन कुणाला न विचारता तिच्यावर कुदळ मारायची. 'रात्र काढलेली फक्की' असंच ते म्हणायचे. हा करार दोघांनी इतकी वर्षं पाळला की तो मोडता येतो हेच दोघं विसरले होते.

आमचं घर झालं, आम्ही राहायला आलो, आणि मग मला पहिल्यांदा समजलं की शेजारचा मोकळा प्लॉट गुत्तेदारांचाच आहे.

दर रविवारी ते यायचे. बरोबर त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणू लागलो. मूळच्या देवगाव रंगारीच्या, ठेंगण्या, बोलायला सडेतोड. गुत्तेदार सकाळभर आपलं घर आखायचे. दुपारी दोघं त्या आठवड्याच्या स्वयंपाकघरात बसून डबा खायचे. मग गुत्तेदार पाठीवर हात बांधून खोल्यांतून फिरायचे, थांबायचे, मान हलवायचे. ऊन उतरलं की खराटा घ्यायचे आणि सगळं घर पुसून टाकायचे. पुढच्या रविवारी दुसरं.

मी गच्चीवरून बघायचे. मला पहिल्यांदा फार काव्यमय वाटलं. मी तसं काकूंना बोललेही, "काकू, किती मजा! दर आठवड्याला नवं घर."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "मजा व्हय? लग्न झाल्यापासनं शहागंजात माडीवर दोन खोल्यांत राहते मी. पाणी खालून वर न्यायचं, खरकटं वरून खाली. गावात निम्म्या लोकांची घरं ह्यांनी बांधली. आमची पण लई झाली. सगळी चुन्याची. एकात सुदिक झोपले नाय मी."

त्यानंतर मला ते काव्य काही दिसलं नाही.

गुत्तेदारांना विचारलं तर म्हणायचे, "एक चूक राहिलीय. ती सापडली की लगेच." आणि दर रविवारी त्यांना ती सापडायची. कधी जिना, कधी उगवतीची खिडकी, कधी हौद. आमच्या मिस्टरांनी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, आमच्या घरातसुद्धा एखादी चूक राहिली असेलच की." गुत्तेदार म्हणाले, "तुमच्या घरात चार आहेत. पण ते तुमचं घर आहे."

मग एका रविवारी काकू डबा न आणता आल्या. माझ्या स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दारानं आत आल्या आणि पाटावर बसल्या. शहागंजचा मालक खोल्या मागत होता. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पावसाळ्याच्या आत जागा सोडा म्हणाला. त्यानं निरोप आधी गुत्तेदारांना दिला होता आणि गुत्तेदार म्हणाले होते, दुसऱ्या खोल्या बघू.

"दुसऱ्या खोल्या," काकू म्हणाल्या. "पुन्हा माडी. आता ह्या गुडघ्यावर. मी काय म्हणते मास्तरीण, माझं घर त्या तिथं पडलंय, दर रविवारी बघते मी. नुसती कुदळ लागायचीय. ह्या पावसाळ्याच्या आत नाय झालं तर ते होत नाय. मी वळखते माझ्या माणसाला."

मी विचारलं, "मग?"

"ते उद्या सोयगावला चाललेत. शाळेच्या खोल्यांचं काम हाय. आठवडाभर येत नाय." काकूंनी खिडकीतून बाहेर बघितलं. पलीकडं गुत्तेदार वाकून फक्की टाकत होते. "आज संध्याकाळी त्यांनी खराटा नाय उचलला, तर उद्या सकाळी मी मिस्त्रीला धाडते. कुदळ मारतो का नाय बघ."

मला ते उमजायला जरा वेळ लागला. उमजलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. शाळेत मी मुलींना कॉपी करू नका म्हणून सांगणारी बाई, पण कट म्हटला की माझ्या अंगात वारं संचारायचं. अजूनही संचारतं, सुना सांगतील.

गुत्तेदारांना खराट्यापासून लांब ठेवणारी गोष्ट जगात एकच होती: भिंतीची भेग. भेग दिसली की ते जेवणावरून उठायचे. पण आमच्या घराला भेग नव्हती. त्यांनीच बांधलं होतं ना. म्हणून मी एक काढली. दिवाणखान्याच्या दारामागं, काजळाच्या पेन्सिलीनं, छताकडून खाली नागमोडी. फळ्यावर नद्या काढायचा हात होता माझा. गोदावरी जशी नाशिकहून पैठणकडं उतरते तशी मी ती उतरवली, मध्ये एकदोन उपनद्याही दिल्या. मग गच्चीवर जाऊन हाक मारली, "साहेब! भिंतीला तडा गेलाय हो!"

ते फक्कीचं घमेलं टाकून धावत आले. ओळंबा काढला. भेगेसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता चिंता करणार. ते नाक भिंतीला लावून कितीतरी वेळ वास घेतल्यासारखं बघत राहिले.

"बाई, ही भेग डावीकडून उजवीकडं जाताना बारीक होत गेलीय."

"हो का?"

"म्हणजे उजव्या हातानं काढलीय. आणि शेवटी पेन्सिल उचललीय."

माझी मान खाली. मुलीला पुढं करावं की काय असाही विचार मनाला शिवून गेला, पण ती आजोळी होती. मात्र माझं नशीब मोठं. गुत्तेदार रागावले नाहीत, त्यांना बोलायला विषय मिळाला. खरी भेग कशी असते, ती कुठून सुरू होते, पाया खचला तर तिरकी का जाते, मातीनं उचललं तर कशी येते, हे त्यांनी मला सबंध भिंतभर बोटानं काढून दाखवलं. मी भूगोलाच्या मुलींसारखे प्रश्न विचारत राहिले. मधूनमधून चहा केला. मिस्टरांनीही मन लावून दोन बावळट प्रश्न विचारले, त्यांना वेगळी तयारी करावी लागली नाही. बाहेर अंधारून आलं. काकू दारात येऊन म्हणाल्या, "चला, सकाळची गाडी हाय सोयगावची." गुत्तेदार उठले, चपला घातल्या, आणि पलीकडच्या प्लॉटकडं एकदा बघितलं. अंधारात फक्की तेवढी दिसत होती.

"खराटा..." ते म्हणाले.

"माझ्या गुडघ्याला कळ लागलीय," काकू म्हणाल्या. "रिक्षा बघा आधी."

ते रिक्षा बघायला गेले.

सकाळी मिस्त्री आला. फक्की बघून तोही थबकला. कमरेवर हात ठेवून प्लॉटभोवती एक चक्कर मारली. मग माझ्याकडं आला. "बाई, साहेबांनी पुसायचं इसरलं का ठेवलं?"

काकू त्याच्या मागून चालत आल्या. हातात नारळ, हळद-कुंकवाची वाटी. "रात गेली का नाय तिच्यावरून?"

"गेली की."

"मग मला कशाला इचारतो? तुझं आणि त्यांचं ठरलंय ते कर."

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत त्या फक्कीवर त्यानं कधी शंका घेतली नव्हती, आणि आज घ्यावी तर करार त्याच्याकडून मोडत होता. काकूंनी उगवतीकडच्या कोपऱ्यात नारळ फोडला, पहिली कुदळ स्वतः मारली. ढेकूळ निघालं, काळं, ओलसर. त्यांनी ते उचलून पदराच्या टोकात बांधून घेतलं. आणि मग काम जे सुरू झालं ते आठवडाभर थांबलं नाही.

गुत्तेदार परत आले ते दुपारच्या वेळी, थेट बसस्टँडवरून, हातात पिशवी. स्टँडवरच कुणीतरी सांगितलं असणार. मी गच्चीवर वाळवण उलटत होते. वाळवण तेव्हा वाळून काटक्या झालेलं होतं, पण बघायला काहीतरी निमित्त लागतं.

प्लॉटवर कॉलमचे खड्डे होते. सगळे. मुरमापर्यंत खोल, कडा कापल्यासारख्या. मिस्त्री आणि बिगारी लांब झाडाखाली जाऊन बसले. काकू एका खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसल्या होत्या.

गुत्तेदार एकेका खड्ड्यात वाकून बघत सगळीकडं फिरले. जिन्याजवळच्या खड्ड्यापाशी बराच वेळ थांबले. त्याच खड्ड्याच्या काठावर काकू होत्या.

"हे मी पुसणार होतो."

"पण पुसलं नाय."

"यात चूक आहे."

"कुठं?"

"तुम्ही बसल्यात तिथंच. हा कॉलम स्वयंपाकघराच्या वाटेत येतो. मला रविवारीच दिसलं होतं. भरून घेऊ हा. मिस्त्री!"

मिस्त्री जागचा हलला नाही.

"वाटेत येतो म्हणजे काय होतं?" काकूंनी विचारलं.

"खांदा लागेल."

"मी केवढीशी बघा. माझा कसा लागंल?"

"तुमचा नाही. माझा लागेल."

"मग लागू द्या की."

गुत्तेदारांनी पिशवी खाली ठेवली. "हा एक हलवला की जिना हलतो. जिना हलला की मोरी. एका दिवसाचं काम आहे. परत आखतो. नीट आखतो."

"भरा," काकू म्हणाल्या. त्या हात टेकून सरकल्या आणि खड्ड्यात उतरल्या. नुसतं डोकं आणि खांदे वर राहिले. "भरा. मी हितंच हाय."

मी वाळवण सोडून कठड्याला येऊन उभी राहिले. खाली एक म्हातारी होत आलेली बाई छातीएवढ्या खड्ड्यात उभी आणि तिच्यासमोर गावभरची घरं बांधलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो घाबरला होता, स्लॅबवर चढायला सांगितल्यासारखा. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. उंचीची भीती ही एक होती, आणि ही दुसरी.

"यात राहावं लागेल," ते हळू म्हणाले. "चूक दिसत राहील. रोज."

"तुमाला दिसंल. मी भाकरी करीन."

ते मग खाली बसले. सफारी मातीत. त्या खड्ड्यातून काठावर निघालेला मुरूम बोटांनी उकरला, मुठीत दाबला, उघडून बघितला.

"मिस्त्री," ते ओरडले, पण आवाजात जोर नव्हता. "अजून वीतभर खाली जा. इथं पोकळ आहे. आणि बाईसाहेबांना आधी वर काढ."

पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला. त्या दिवशी ते नेहमीप्रमाणे रस्त्यापलीकडं छत्री उघडून बसले होते आणि ओरडत होते, जरा कमी. आतलं प्लास्टर ओलं होतं, दारांना रंग नव्हता, लाइट माझ्या घरातून वायर टाकून घेतलेली, तरी काकू राहायला आल्या. पहिल्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर त्या स्वयंपाकघरात जमिनीवर पसरून झोपल्या होत्या, उन्हं आली तरी उठल्या नव्हत्या. गुत्तेदार बाहेर ओट्यावर बसले होते. मला बघून ओठांवर बोट ठेवलं.

त्यानंतर बरीच वर्षं ते माझे शेजारी होते. घराला नावं ठेवायचं त्यांनी सोडलं नाही. पाहुणा आला की त्याला आधी चूक दाखवायचे: हा बघा कॉलम, हा इथं नको होता, हे असं वाटेत येणं म्हणजे नवशिक्याचं काम. पाहुणा अवघडून म्हणायचा, "कुणी केलं हो हे?" आणि गुत्तेदार छाती पुढं काढून सांगायचे, "मीच."

माझी खिडकी त्यांच्या स्वयंपाकघरासमोर होती. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, मग गुत्तेदारांची आत जाणारी पावलं, मग एक दबका आवाज. खांदा.

"सांगितलं होतं," गुत्तेदार म्हणायचे.

"ऐकलं होतं," आतून काकू म्हणायच्या, आणि पुढची भाकरी तव्यावर पडायची.